पार्ल्याच्या झेरॉक्सवाल्या काकांना पाच स्टार, माझ्या लॉगबुकातल्या अर्ध्या तासासाठी

पाचपैकी पाच. झेरॉक्सच्या दुकानासाठी एवढं लांबलचक कोण लिहितं असं वाटेल, पण मला लिहायचंय, कारण गेले आठ महिने मी नोकरी शोधत होते आणि या आठ महिन्यांत ज्यांना ज्यांना पैसे मोजले त्यांच्यात माझं काम मनापासून यांनीच केलं. दुकान पार्ले ईस्टला, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. झेरॉक्स, स्कॅनिंग, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, पासपोर्ट फोटो, मराठी-इंग्रजी टायपिंग. काका मशीनवर, काकू काउंटरवर. दोन गिऱ्हाईकं आत उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं, एवढीच जागा.

आधी माझं सांगते, म्हणजे दुकानाचं का सांगतेय ते कळेल. मी पायलट आहे, एअरलाइनची नाही, शिकवणारी. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर असं त्या रेटिंगचं, म्हणजे शिकवायच्या परवानगीचं नाव, डीजीसीएकडून, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याकडून, मिळून वर्ष होत आलं. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, मग इंडिगोत का नाही गेलीस? मावशीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हेच विचारतात आणि त्यांचंही चुकत नाही, कारण आपल्याकडे बहुतेक मुलंमुली २०० तास उडवून कमर्शियल लायसन्स घेतात, मग परत लाखो रुपये भरून एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवायची वेगळी परवानगी, करतात आणि एअरलाइनच्या परीक्षांना बसतात, शिकवायला थांबणारे अगदी थोडे. मला थांबायचं होतं. माझ्या पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकटीने उडवायच्या, दिवशी माझ्या इन्स्ट्रक्टर मॅडम विमानातून उतरल्या, दार नीट लागलंय का ते दोनदा ओढून बघितलं आणि एप्रनच्या, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेच्या, कडेला उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. मी सर्किट मारून, म्हणजे धावपट्टीभोवती एक फेरी घेऊन, खाली येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. विमान जमिनीवरून चालवत परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघितला आणि तेव्हाच ठरलं की हे काम मला करायचंय.

आणि हे काम वेगळं शिकावं लागतं बरं का, चांगलं उडवता येतं म्हणजे शिकवता येतं असं नाही. सेसना १५२ मधे दोनच सीट, शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. एवढे तास डाव्या हातात योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, आणि उजव्या हातात थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर कमीजास्त करायचा दांडा, अशी सवय झालेली असते ती पूर्ण उलटी करायची. मीटरं सगळी डावीकडे बसणाऱ्याच्या सोयीने लावलेली, उजवीकडून अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा मीटर, तिरका दिसतो, काटा नक्की रेषेवर आहे की जरा पुढे गेलाय ते मान वाकवून बघायला लागतं. आणि हे चालू असताना तोंडही चालू पाहिजे. त्याला आमच्यात पॅटर म्हणतात, हात जे करतायत ते त्याच क्षणी शब्दांत सांगायचं, आधी नाही की नंतर नाही. मी घरी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून लाटणं हातात धरून रोज दोन तास हे करायचे, आईला पूर्ण लँडिंग तोंडपाठ झालंय आता.

असं सगळं करून रेटिंग हातात आलं आणि मला खरंच वाटलं की महिनाभरात नोकरी लागेल. कारण जिथे तिथे ऐकू येतं की देशात पायलट कमी पडतायत, विमानांच्या एवढ्या ऑर्डरी दिल्यात, फ्लाइंग स्कूलना इन्स्ट्रक्टर मिळत नाहीत. ते खोटं नाहीये. पण स्कूलला हवा असतो अनुभवी इन्स्ट्रक्टर, जो मुलांना सोलोला सोडू शकेल, जमलं तर चेक, म्हणजे उडवायची परीक्षा, पण घेऊ शकेल. माझ्यासारखी नवीन असिस्टंट घेतली की सुरुवातीला माझ्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी सीनियर लागतो, आणि त्या सीनियरकडे आधीच पंधरा मुलं रांगेत बसलेली असतात. त्यात निम्मी विमानं दर ५० नाहीतर १०० तास उडाल्यावरच्या इन्स्पेक्शनला हँगरमधे. म्हणजे माणूस हवाय पण शिकलेला हवाय, आणि शिकायला आधी कोणीतरी घ्यायला हवं. हे वर्तुळ मला तिसऱ्या महिन्यात कळलं.

मुंबईत तर या नोकरीचा प्रश्नच येत नाही. एकेकाळी आला असता. जुहूला १९२८ मधे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, जेआरडी टाटा तिथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला देशातलं पहिलं पायलट लायसन्स त्यांना मिळालं. आमचे आजोबा सांगायचे की ते लहानपणी जुहूला छोटी विमानं घिरट्या घालताना बघत बसायचे. आता जुहूला हेलिकॉप्टरंच जास्त, क्लबचं विमान शिकवणं धुळ्याला. बाकी गोंदिया, बारामती, शिरपूर, नागपूर, जळगाव, आणि अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडियाने २०२४ मधे मोठी स्कूल जाहीर केलीय. म्हणजे पार्ल्यात घराच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात आणि मला नोकरीसाठी रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरायची.

पहिले तीन महिने नुसते मेल केले. बावीस ठिकाणी. दोन ठिकाणहून तुमचा अर्ज मिळाला असं आपोआप येणारं उत्तर आलं, बाकी काही नाही. मग घाबरून मी एक गोष्ट केली जी करायला नको होती, ती सांगते कारण माझ्यासारखे अजून खूप जण आहेत.

अंधेरीला एक प्लेसमेंटवाले आहेत, फक्त एव्हिएशनच्या नोकऱ्या करतो म्हणतात. नाव लिहीत नाही, पैसे माझे गेले आणि ते मी सोडून दिले, आणि असं काम करणारे ते एकटेच नाहीत. फी १५,००० रुपये. त्यात सीव्ही बनवून देणार, सगळ्या स्कूलना पाठवणार आणि कमीत कमी तीन इंटरव्ह्यू नक्की. ऑफिस एकदम भारी, एसी, भिंतीवर मोठं विमान. समोर बसलेल्या मुलीने सगळं विचारून घेतलं, छान बोलली, पण लॉगबुक, म्हणजे उडवलेल्या तासांची पायलटची वही, उघडून नाही बघितलं. मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं होतं. ते तसंच ठेवलं आणि तसंच परत पिशवीत भरलं.

आठवड्याने सीव्ही आला. चार पानांचा. पहिल्या पानावर माझा फोटो, मागे आकाश आणि एक एअरबस, जिच्यात मी कधी पाय ठेवला नाही, म्हणजे प्रवासी म्हणून सोडून. असिस्टंट हा शब्दच काढून टाकलेला, सरळ फ्लाइट इन्स्ट्रक्टर. आणि एकूण तास ३५०. माझे ३४२ होते. मी फोन करून विचारलं तर म्हणे मॅडम राउंड फिगर चांगला दिसतो, सगळेच करतात. मी म्हटलं बदला. ते हो म्हणाले. आणि बदल न करता तोच पाठवला. हे मला कसं कळलं तर एका स्कूलच्या चीफ इन्स्ट्रक्टरांचा स्वतःहून फोन आला. एवढ्या महिन्यांतला तो पहिला फोन. मी गॅलरीत जाऊन उचलला.

"सीव्हीत ३५० तास लिहिलेत. लॉगबुकात किती आहेत?"

"३४२, सर."

"मग ३४२ लिहायचं होतं."

बास. फोन ठेवला. आवाज चढवला नाही काही नाही. मी नंतर त्यांना मेल करून सगळं सविस्तर कळवलं, बरोबर सीव्ही जोडला, माफी मागितली, त्यावर उत्तर आलं नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. आमच्या धंद्यात तासांचा आकडा म्हणजे काय आहे ते बाहेरच्यांना कळणं अवघड आहे. लॉगबुकातला एक तास म्हणजे एक तास हवेत काढलेला असतो, कुणीतरी त्यावर सही केलेली असते, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढचा माणूस तुमच्या हातात कोणाचं तरी मूल देणार असतो. २०११ मधे खोट्या मार्कशीट लावून लायसन्स घेतल्याची प्रकरणं बाहेर आली होती, पायलटना अटक झाली होती, तेव्हापासून तर प्रत्येक कागदाकडे दोनदा बघितलं जातं आणि तसंच बघायला पाहिजे. त्या आठ तासांनी मी एका अनोळखी माणसाच्या नजरेत खोटं बोलणारी ठरले. रात्रभर झोप नाही आली. पैसे परत मागितले तर प्रोसेसिंग फी परत मिळत नाही असं उत्तर. एक स्टार पण देणार नाही मी त्यांना.

आता दुकान.

दुसऱ्या दिवशी मी सगळे कागद घेऊन निघाले, स्वतःच सगळं करायचं ठरवून. आई म्हणाली या काकांकडे जा, भावाची बारावीची सगळी सर्टिफिकेटं त्यांनीच केली होती. जूनचे दिवस, कॉलेजच्या ॲडमिशनची गर्दी, बाहेर पाऊस, मी लॉगबुक प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून छातीशी धरून उभी. नंबर आला तेव्हा मी म्हटलं काका हे पूर्ण स्कॅन करायचंय आणि कलरमधे हवंय. त्यांनी ते हातात घेतलं, लगेच मशीनवर नाही टाकलं. आधी हात रुमालाला पुसले. मग उघडून बघितलं आणि विचारलं, "हे काय आहे गं? वहीखातं दिसतंय."

मी सांगितलं. तर म्हणाले, "मग हे असं दाबून नाही करायचं, शिवण सुटेल. उद्या सकाळी ये, गर्दी नसताना. मी घाईत हात लावणार नाही याला."

हे मला फार म्हणजे फार आवडलं. गिऱ्हाईक समोर उभं, पैसे द्यायला तयार, आणि माणूस म्हणतो घाईत करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेले. ज्यांनी पायलटचं लॉगबुक बघितलं नाही त्यांच्यासाठी, ते आडवं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक असतं, एका फ्लाइटची एक ओळ जी डाव्या पानावर सुरू होते आणि उजव्या पानावर संपते. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचं रजिस्ट्रेशन, कुठून कुठे, पायलट इन कमांड कोण, दिवस की रात्र, ड्युअल म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत किती, सोलो किती, इन्स्ट्रुमेंट म्हणजे बाहेर न बघता मीटरांवर किती. पानाखाली त्या पानाची बेरीज, मागून आलेली बेरीज आणि पुढे न्यायची बेरीज. बाकीच्या दुकानांत एकेक पान वेगळं स्कॅन करून देतात, मग अर्धी ओळ एका फाइलमधे आणि अर्धी दुसऱ्या, वाचणाऱ्याला काही जुळत नाही. काकांनी दोन्ही पानं मिळून ए-थ्री वर एकत्र घेतली. पुस्तक जिकडे कमी जाड तिकडे खाली थर्माकोलचा तुकडा सरकवला म्हणजे दोन्ही बाजू सपाट राहतील, आणि जसजशी पानं उलटत गेली तसा तुकडा बदलत गेले, जाड, मग पातळ, मग दुसऱ्या बाजूला. काचेचं झाकण न दाबता वरून काळा कागद टाकला. एकाही पानाची मधली शिवण काळी आली नाही, एकाही सहीचा निळा रंग उडाला नाही. मी हे एवढं बारीक का लिहितेय तर मी आधी दुसरीकडे करून घेतलं होतं त्यात सगळ्या सह्या जांभळ्या ढगासारख्या आल्या होत्या.

आणि मग ती गोष्ट झाली ज्यासाठी हा रिव्ह्यू आहे.

काका स्क्रीनवर पानं बघत होते, सरळ आलीत का ते. एका पानावर थांबले. परत मागे गेले. परत पुढे आले. मग चष्मा कपाळावर चढवून मला म्हणाले, "बाळा, मागच्या पानावरून पुढे आणलेला आकडा चुकलाय तुझा."

मला काही कळेना. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. आधीच्या पानाच्या तळाला ३१२ तास १० मिनिटं. पुढच्या पानावर मागून आलेली बेरीज म्हणून ३१२ तास ४०. माझंच अक्षर, घाईत एकाचा चार केलेला. तिथून पुढची सगळी पानं अर्ध्या तासाने फुगलेली, आणि प्रत्येक पानाखाली सही. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्या सुद्धा नाही. माझे ३४२ तास ४० मिनिटं नव्हतेच, ३४२ तास १० मिनिटं होते. ईजीसीएवर, म्हणजे डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर, जी इलेक्ट्रॉनिक नोंद असते तिथे आकडा बरोबर होता, म्हणजे कोणी दोन्ही शेजारी ठेवून बघितले असते तर पहिल्या मिनिटात दिसलं असतं. आठ तासांवरून फोन ठेवलेला मी नुकताच ऐकला होता. माझे पाय गार पडले अक्षरशः.

काका तरुणपणी एका मिलच्या अकाउंट्समधे खतावणी लिहायला होते, काकूंनी सांगितलं. बेरजा बघायची सवय तेव्हापासूनची, बिलं झेरॉक्स करताना पण बघतात म्हणे. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः टेबलावर पेन्सिल आणि पाठकोरे कागद घेऊन बसले आणि म्हणाले आता पहिल्या पानापासून बघू, एक चूक सापडली की दुसरी असतेच. सव्वा तास लागला. मी आकडे वाचायचे, ते बेरीज मांडायचे, साठ मिनिटांचा तास असल्यामुळे पहिल्या दोन पानांत अडखळले मग हात बसला. मधे गिऱ्हाईकं आली तर काकू बघत होत्या. दुसरी चूक सापडली नाही. या सव्वा तासाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, मी देत होते तरी.

दुरुस्ती मात्र लॉगबुकात मनाने करता येत नाही. व्हाइटनर तर अजिबात नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, शेजारी बरोबर आकडा आणि सही. काकांनी हे न सांगता ओळखलं, म्हणाले आमच्या खात्यात पण खोडरबर चालायचं नाही. म्हणून मी बसचा प्रवास करून माझ्या जुन्या स्कूलला गेले, पुढच्या सगळ्या पानांवर रेघा मारून आकडे लिहिले, प्रत्येक ठिकाणी सही घेतली, परत आले आणि ती पानं नव्याने स्कॅन केली. त्या पानांचे पैसे घेतले, तेवढेच.

मग फाइल लावताना काकांनी एक प्रश्न विचारला जो अंधेरीच्या एसी ऑफिसात कोणाला सुचला नव्हता. "तुझा साहेब हे उघडल्यावर आधी काय शोधेल?" मी विचार करून सांगितलं, लायसन्स आणि रेटिंग चालू आहे का, मग मेडिकल कधी संपतंय, कारण क्लास वन मेडिकल आमच्या वयाला वर्षभराचंच असतं आणि ते संपलं की बाकी सगळं असून उपयोग नाही, मग रेडिओचं लायसन्स, मग लॉगबुकची शेवटची पानं. त्यांनी बरोबर त्याच क्रमाने लावलं. सीव्ही एका पानाचा टाइप करून दिला, फोटो साधा पासपोर्टचा, असिस्टंट हा शब्द पहिल्या ओळीत, तास ३४२:१०. तीन प्रती, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लॅस्टिक. सगळं मिळून ६८० रुपये.

त्या तीन फाइली घेऊन मी मेल करणं बंद केलं आणि स्वतः जायला लागले. हे ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी लिहितेय, स्कूलच्या गेटवर जा. सकाळी लवकर नाही, तेव्हा सगळे उडवायच्या गडबडीत असतात, दुपारी जा जेव्हा ऊन आणि वारा वाढून सोलोवाली मुलं खाली बसलेली असतात. पावसाळ्यात गेलात तर अजून बरं, कारण डोळ्याने बघून उडवायचं तर साधारण पाच किलोमीटर दिसलं पाहिजे आणि ढगापासून खाली हजार फूट अंतर पाहिजे, जुलै-ऑगस्टमधे ते कित्येक दिवस मिळत नाही आणि चीफ इन्स्ट्रक्टरना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. नोकरी मात्र ते तेव्हा देत नाहीत, पाऊस संपला की बघू म्हणतात. पहिल्या ठिकाणी गेटवरूनच परत आले. दुसऱ्या ठिकाणी फाइल ठेवून घेतली आणि लग्नाचं काय ठरवलंय ते विचारलं, माझ्या आधी आत गेलेल्या मुलाला विचारलं नव्हतं, मी बाहेर आल्यावर त्याला मुद्दाम विचारून घेतलं.

तिसऱ्या ठिकाणी चीफ इन्स्ट्रक्टर मराठी, एअर फोर्समधून रिटायर झालेले. फाइल उघडली, पहिलंच मेडिकलची तारीख बघितली, मग लॉगबुकच्या पानांवर आले आणि त्या रेघा त्यांना दिसल्या. मी खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला होता. विचारलं हे काय. मी सगळं सांगितलं, एकाचा चार कसा झाला ते.

"आणि पकडलं कोणी?"

"झेरॉक्सवाल्या काकांनी, सर. पार्ल्यात."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत, एकेक पान उलटत राहिले, माझ्या अंदाजाने मनात बेरीज करत असावेत. मग ड्रॉवरमधून मार्कर काढून माझ्यापुढे धरला आणि बाहेरच्या दोन मुलांना आत बोलावलं. "यांना स्टॉल शिकवा. दहा मिनिटं."

ते मला येतं. दोघांचा आधी तोच गैरसमज होता जो सगळ्यांचा असतो, स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडतं. मी फळ्यावर काही काढलंच नाही आधी. खोलीत स्टँडचा पंखा होता, एका मुलाला त्याची लांब वही पंख्यासमोर दोन हातांनी आडवी धरायला सांगितली. जरा पुढची कड वर कर म्हटलं, वही वर उचलली गेली, त्याला हाताला जाणवलं. अजून कर. अजून उचलली. अजून, अजून, आणि एका कोनानंतर उचलणं गेलं आणि वही नुसती मागे ढकलली जायला लागली, थडथडायला लागली. मी म्हटलं, पंखा बंद झाला का? नाही. वाऱ्याचा वेग बदलला का? नाही. मग काय बदललं? तो म्हणाला, कोन. म्हटलं झालं, आता विमान या कोनात गेलं तर काय कराल, आणि दुसरा मुलगा, जो तोपर्यंत गप्प होता, तो म्हणाला नाक खाली. त्याच्या चेहऱ्यावर ते आलं तेव्हा मी इंटरव्ह्यूला आलेय हे विसरले होते.

दोन दिवस लॉजवर थांबले कारण ढग उठेनात, तिसऱ्या दिवशी सकाळी तासभर उजव्या सीटवरून उडवून दाखवलं. खाली आल्यावर त्यांनी एकच विचारलं, एअरलाइनचा कॉल आला तर? मला माहितीये हे का विचारतात, इन्स्ट्रक्टर शिकून तयार होतो आणि सहा महिन्यांत निघून जातो, मुलांचं ट्रेनिंग अर्ध्यात लटकतं, त्यांच्या आईबापांनी घरं गहाण ठेवलेली असतात, आमच्याही बाबांनी ठेवलंय. मी म्हटलं सर, मला अर्ज करायचाच नाहीये, पण तुम्हाला लेखी हवं असेल तर एक वर्षाचं लिहून देते. त्यांनी लिहून घेतलं. १ ऑक्टोबरपासून जॉइन. महिन्याला ठराविक रक्कम आणि वर प्रत्येक फ्लाइंग तासाचे वेगळे. एअरलाइनवाल्या मैत्रिणींच्या मानाने खूप कमी आहे, पण मला चालणार आहे.

दुकानाचं राहिलेलं. कलर मशीन मधे दोन दिवस बंद होतं, तेव्हा त्यांनी थातुरमातुर न करता सरळ परवा या म्हणून सांगितलं. फोनवर फाइल पाठवून काम होत नाही, स्वतः जावं लागतं. दुपारी एक ते चार बंद, रविवारी बंद. जून-जुलैमधे कॉलेजवाल्यांची गर्दी असते तेव्हा मोठं काम असेल तर सकाळी साडेनऊच्या आधी जाऊन उभे राहा. जीपे चालतं पण सुट्टे दिलेले काकूंना आवडतात. आणि कोणी लॉगबुक घेऊन जाणार असाल तर पेन्सिल आपली न्या, टेबलावर दोनच असतात आणि आकडे मोजताना शाईचं पेन ते हातात धरू देत नाहीत.